घरात नको

मागच्या खरिपात माहेरी गेले होते तेव्हाची गोष्ट. कपाशीला पात्या धरल्या होत्या, पावसाने उघडीप दिली होती, म्हणजे फवारणीची घाई. अशा दिवसांत आमच्या कृषी सेवा केंद्रात पाय ठेवायला जागा नसते, पण भर दुपारी जरा उसंत मिळते. भाऊ मागे घरात जेवायला गेला आणि गल्ल्यावर मी बसले. तेवढ्यात एक बाई आल्या. पन्नाशीच्या असाव्यात. पोटऱ्यांपर्यंत चिखल, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी औषधाची बाटली काढून काउंटरवर ठेवली. सील फोडलेलं, निम्मं औषध शिल्लक. बाटलीला पन्नी गुंडाळून वर सुतळीने घट्ट बांधलेलं. मला वाटलं, परत करायला आणलीय. म्हटलं, "काकू, फोडलेली बाटली परत नाही घेता येत." त्या म्हणाल्या, "पैसे नाई मांगत मी. ठेवून घ्या फक्त. पुढच्या फवाऱ्याच्या दिवशी नेईन." आणि मी काही विचारायच्या आत त्यांनीच पुढे जोडलं, "घरात नको."

एवढं बोलून त्या गेल्या. भाऊ आला, त्याने ती सुतळीची गाठ पाहिली, मार्करने पन्नीवर आडनाव लिहिलं, मागच्या लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात बाटली ठेवली आणि कुलूप लावलं. बोलला काहीच नाही. पुण्याला परतल्यावरही ते दोन शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. त्या घरात काय चाललं होतं? काळजी कोणाची होती, नवऱ्याची, मुलाची, सुनेची, की त्यांची स्वतःचीच? चेहऱ्यावर घाबरल्याची खूण नव्हती. एक काम करायचं होतं, ते त्यांनी केलं.

त्या दुकानातच मी वाढले. तिथला वास ज्याने घेतलाय त्याला वेगळा सांगायला नको. उग्र, मध्येच गोडसर, घशाशी चिकटून राहणारा. माझ्या दप्तराला तो होता, बाबांच्या सदऱ्याला होता, गल्ल्यातल्या नोटांनाही होता. बाटल्यांवरचे रंगीत त्रिकोण मला बाराखडीच्या आधी ओळखता यायचे. लाल, पिवळा, निळा, हिरवा. लाल म्हणजे सगळ्यांत जहाल. लाल त्रिकोणाच्या बाटल्या बाबा सर्वांत वरच्या फळीवर ठेवत, आम्हा पोरांचा हात पुरू नये म्हणून. आणि तीच बाटली कागदात गुंडाळून दुसऱ्याच्या घरी पाठवत, जिथे वरची फळी असेलच असं नाही. विदर्भातल्या दोन खोल्यांच्या घरात औषध कुठे राहतं ते मी पाहिलंय. खाटेखाली, ज्वारीच्या कणगीमागे, न्हाणीच्या कोनाड्यात. त्या विक्रीवर आमची शिक्षणं झाली. हे दोन्ही खरं आहे आणि दोन्ही मला एकत्र धरून चालावं लागतं.

आसपासच्या गावांत कोणी जीव दिला की बाबा बसायला जात. लहानपणी मीही त्यांच्यासोबत गेलेय. अंगणात सतरंजी, कडेला चपलांचा ढीग, तंबाखू मळणारे हात, आणि आतून मध्येच फुटणारा हंबरडा. थोड्या वेळाने कोणीतरी म्हणायचंच, "काय कमी होतं त्याले?" मग एकेक जण कारण सांगायचा. सोसायटीचं कर्ज. पोरीचं लग्न. दारू. रात्री घरात वाजलं होतं म्हणे. प्रत्येकाकडे एक कारण असे आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटे. बाबा गप्प बसून असत. घरी आल्यावर उधारीची वही काढत, त्या माणसाचं पान उघडत आणि काहीही न लिहिता वही मिटून ठेवत. ते पैसे त्यांनी कधी मागितले नाहीत.

गेलं वर्षभर मी या विषयावरचं जे हाती लागेल ते वाचत होते. वाचताना जाणवलं की संशोधनाची सुरुवातही त्या सतरंजीवरच्या प्रश्नानेच झाली. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युर्केमने १८९७ साली आत्महत्येवरचा आपला ग्रंथ छापला तेव्हा तो फ्रान्समधल्या मृत्यूंच्या नोंदी चाळत होता. सव्वीस हजारांच्या आसपास नोंदी त्याच्या भाच्याने, मार्सेल मोसने, वर्गवारी करून दिल्या होत्या. द्युर्केमने एकेका माणसाचं दुःख बाजूला ठेवलं आणि समाजाचे धागे कुठे सैल झालेत ते पाहिलं. अर्ध्या शतकानंतर एडविन श्नाइडमन नावाचा तरुण मानसशास्त्रज्ञ लॉस एंजेलिसच्या कॉरोनरच्या, म्हणजे अकस्मात मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या कचेरीत, १९४९ मध्ये, दोन विधवांना पत्रं लिहायच्या कामासाठी गेला आणि तिथल्या फायलींत त्याला मृतांनी मागे ठेवलेल्या शेकडो चिठ्ठ्या सापडल्या. त्याने त्या लगेच वाचल्या नाहीत. ज्यांच्या मनात असं काही नाही अशा माणसांकडून तशाच चिठ्ठ्या लिहवून घ्यायच्या आणि कोणती कुठली हे न कळू देता दोन्हींची तुलना करायची, असं त्याने ठरवलं. त्या खोलीत उभं राहून न वाचण्याचा निर्णय घेणं ही गोष्ट मला फार मोठी वाटते. पुढे त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मृताच्या घरच्यांशी, मित्रांशी तासन्‌तास बोलून शेवटचे दिवस उलगडायची पद्धत बसवली. तिला मानसशास्त्रीय शवविच्छेदन म्हणतात. नाव कठोर आहे, पण पद्धतीत शांतपणे ऐकण्यापलीकडे फारसं काही नाही.

आमच्याकडेही शेतकरी आत्महत्यांच्या चौकश्या झाल्या. मुंबई उच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर टाटा समाजविज्ञान संस्थेने २००५ मध्ये अहवाल दिला. पुढच्याच वर्षी इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेच्या श्रीजित मिश्रांचा अहवाल आला. त्यांनी पश्चिम विदर्भातल्या १११ घरांचा अभ्यास केला होता, आणि महत्त्वाचं म्हणजे जिथे असं काही घडलं नव्हतं अशा शेतकऱ्यांची घरंही तुलनेला घेतली होती. गेलेल्यांच्या घरांपैकी सुमारे ८७ टक्के कर्जात होती. कर्ज सतरंजीवरच्या शेजाऱ्यालाही होतंच, म्हणून तर तुलना लागते. पण तहसीलच्या कागदावर हा सगळा गुंता दोन शिक्क्यांत बसतो, पात्र किंवा अपात्र. सातबारा कोणाच्या नावे, कर्ज बँकेचं की सावकाराचं, सावकार परवानाधारक की नाही, थकीत होतं का, तगादा होता का. मदतीसाठी काही निकष लागतात हे मला समजतं. तरीही त्या निकषांनी एक माणूस डोळ्यांपुढे उभा केला, नावावर शेती असलेला कर्जबाजारी पुरुष, आणि बाकीचे आम्हाला दिसेनासे झाले. २०२२ सालच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत देशभरात १,७०,९२४ आत्महत्या आहेत, त्यांतल्या सर्वाधिक, २२,७४६, महाराष्ट्रातल्या. शेतीक्षेत्रातल्या ११,२९०. आणि गृहिणी म्हणून नोंदलेल्या बायका २५,३०९. त्यांच्यातल्या कित्येकजणी आयुष्यभर शेतात राबल्या असतील, पण सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून त्या गृहिणी.

आणि हे आकडेही पोलिसांपर्यंत पोचलेल्या मृत्यूंचे. मिलियन डेथ स्टडी या देशभरातल्या मृत्यूंच्या अभ्यासात प्रशिक्षित माणसांनी घरोघर जाऊन मृत्यूच्या हकीकती विचारल्या. त्यावरून २०१० सालासाठी अंदाज निघाला एक लाख सत्याऐंशी हजारांचा. त्या वर्षीची सरकारी नोंद होती एक लाख चौतीस हजारांच्या घरात. मधले पन्नास हजार कुठे गेले असतील याची मला थोडी कल्पना आहे. "फवारताना तोंडात गेलं," "चुकून पाण्याच्या ऐवजी घेतलं" ही वाक्यं मी ऐकत आलेय. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३०९ ची टांगती तलवार होती, वाचलेल्यावर गुन्हा, घरच्यांमागे चौकशी. मग खरं कोण सांगेल? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने त्या तलवारीची धार घालवली, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम राहिलेलं नाही. गावाला मात्र हे अजून नीट माहीत नाही. दवाखान्याच्या दारात आजही पहिला विचार पोलिसांचा येतो.

बरं, कारणं कळली तर कोण धोक्यात आहे हे आधी ओळखता येईल ना? मलाही तसंच वाटायचं. २०१७ मध्ये जोसेफ फ्रँकलिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पन्नास वर्षांतले ३६५ अभ्यास एकत्र करून पाहिले. नैराश्य, व्यसन, आधीचा प्रयत्न, घरातला इतिहास, एकटेपणा. यांतलं काहीही घेतलं तरी कोण जीवावर उठेल हे आधी सांगण्यात आपण नशिबाच्या भरवशापेक्षा जेमतेम पुढे होतो, आणि पन्नास वर्षांत त्यात सुधारणा नव्हती. हे वाचून मी पुस्तक मिटलं नाही, उलट मला हलकं वाटलं. "आम्हाला कसं कळलं नाही" म्हणत वर्षानुवर्षं स्वतःला जाळणाऱ्या आया मी पाहिल्यात. त्यांना कोणीतरी हे सांगायला हवं. ज्यांचा तो आयुष्यभराचा अभ्यास आहे त्यांनाही कळत नाही.

मग वाचवता येतं ते कशाने?

ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या ८२ जणांना विचारलं गेलं की या खेपेचा विचार मनात आल्यापासून कृतीपर्यंत किती वेळ गेला. जवळपास निम्म्यांनी दहा मिनिटं किंवा त्याहून कमी असं सांगितलं. दुःख वर्षांचं असेल, पण ती घटका लहान असते, आणि ती टळली तर माणूस बहुतेकदा परततो. अमेरिकेत रिचर्ड सायडनने एका पुलावरून मागे खेचून आणलेल्या ५१५ जणांचा माग काढला होता. कित्येक वर्षांनंतरही त्यांतले ९० टक्क्यांहून अधिक जण एकतर हयात होते किंवा इतर कारणांनी गेले होते. "ज्याला करायचंय तो करणारच" हे वाक्य आपल्याकडे शहाणपणाचं समजलं जातं. ते खोटं आहे, आणि त्याने माणसं मरतात.

याचा सर्वांत मोठा पुरावा श्रीलंकेचा. १९९५ च्या सुमारास तिथलं आत्महत्यांचं प्रमाण लाखामागे ४७ होतं, जगातल्या सर्वाधिकांपैकी. त्याच काळात सरकारने सर्वांत जहाल गटातली कीटकनाशकं बंद केली, पुढच्या वर्षांत आणखी काही. पुढच्या दोन दशकांत प्रमाण सत्तर टक्क्यांनी घसरलं. डेव्हिड गनेल, मायकल एडलस्टन आणि त्यांच्या श्रीलंकन सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं हे आकडे तपासले. १९९५ ते २०१५ मध्ये सुमारे ९३,००० जीव वाचले असा त्यांचा अंदाज आहे. मला थांबवणारी गोष्ट वेगळीच होती. विषबाधेने दवाखान्यात येणारे कमी झाले नव्हते. लोक तेवढेच दुःखी होते, तेवढ्याच बाटल्यांपर्यंत हात जात होते. फक्त बाटलीतलं विष सौम्य झालं होतं, त्यामुळे माणूस दवाखान्यापर्यंत पोचत होता आणि घरी परत येत होता. आणि शेतीचं उत्पन्न बसलं नाही. आपल्याकडे कीटकनाशकांवरच्या बंदीचा विषय निघाला की कंपन्यांपासून शेतकरी संघटनांपर्यंत सगळे उत्पन्नाचीच भीती घालतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते. २०१८ मध्ये केंद्राने अठरा कीटकनाशकं बंद करायचा आदेश काढला. त्याच्या आदल्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात नुसतं फवारताना विषबाधा होऊन माणसं दगावली होती. लाल त्रिकोण शेतात फवारतानाही माणसाला सोडत नाही, आणि मी त्या विक्रीवर वाढलेली मुलगी असूनही माझं म्हणणं हेच आहे की वरच्या फळीवरचा माल दुकानात यायलाच नको.

बाटली कुलपात ठेवून भागतं का? श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतात १८० गावांत याची मोठी चाचणी झाली. निम्म्या गावांत घरोघरी कुलपाच्या पेट्या वाटल्या. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आला की फरक पडला नाही. इतकी साधी, इतकी शहाणी वाटणारी गोष्ट, आणि फरक नाही. ज्यांनी वर्षं घालवली त्यांनी तो निकाल तसाच छापला याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. मला वाटतं, पेटी घरात होती आणि किल्लीही घरातच होती. तमिळनाडूत काट्टुमन्नारकोइल भागात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. लक्ष्मी विजयकुमार आणि आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या चेन्नईच्या 'स्नेहा' संस्थेने वेगळं करून पाहिलं. दोन गावांत घरांपासून लांब सामायिक कोठार बांधलं, शेतकऱ्याला त्यात कुलपाचा कप्पा, लागेल तेव्हा जाऊन घ्यायचं. त्या गावांतल्या घटना घटल्या. अभ्यास लहान होता, छाती ठोकून सांगण्याएवढा नाही. पण तो वाचताना सुतळीने बांधलेली ती बाटली डोळ्यांपुढे आली. त्या काकूंनी कोणताही अहवाल वाचला नव्हता. त्यांनी दुकानापर्यंतचं अंतर मधे घातलं होतं.

मी भावाला फोन करून हे सगळं भरभरून सांगितलं. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "अगं, हे बाबांपासून चालू आहे. आणखीही दोघी-तिघी ठेवतात. बाबांनी सांगून ठेवलं होतं, कोणी ठेवायला आणलं तर विचारायचं नाही, ठेवून घ्यायचं."

मिटलेल्या वहीचा अर्थ मला तेव्हा थोडा लागला. तरी बाबांचं अर्धंच मला पटतं. बाटली ठेवून घ्यायची, हे शंभर टक्के. पण विचारायचं नाही, हे नाही. जिवंत माणसाला सरळ विचारल्याने नसलेला विचार त्याच्या डोक्यात शिरतो ही भीती बऱ्याच अभ्यासांत तपासली गेलीय, आणि ती खरी ठरलेली नाही. उलट विचारल्याने माणसाला मोकळं वाटल्याचं काही ठिकाणी दिसलं. श्नाइडमन म्हातारपणी म्हणत असे की दोनच प्रश्न महत्त्वाचे, कुठे दुखतंय आणि मी काय मदत करू. हे सतरंजीवर नाही, काउंटरवर विचारायचे प्रश्न आहेत. भावाला म्हटलं, पुढच्या वेळी त्या आल्या की विचार, "काकू, घरी सगळं ठीक आहे ना? कोणाच्या मनात जीव द्यायचं येतंय का?" तो म्हणाला, "मी? बाईमाणसाला?" मग थोड्या वेळाने, "वहिनीला सांगतो बसायला." आणि १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाच्या दारावर लावायला मात्र तो लगेच तयार झाला. चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलतात.

अमरावती जिल्ह्यात तीस गावांत 'विश्राम' नावाचा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम झाला. त्यामागे गोव्याची 'संगाथ' ही संस्था होती. गावातलेच कार्यकर्ते, थोडं प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक आणि गरज लागली तर मानसोपचारतज्ज्ञ. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक मदतीपर्यंत पोचत होते. दीड वर्षाने २७.२ टक्के. जीव नकोसा झाल्याचे विचार सांगणारे ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. तुलनेला वेगळी गावं नव्हती, त्यामुळे श्रेय किती द्यायचं यावर वाद होऊ शकतो. पण ही आमचीच गावं आहेत, तीच कपाशी, तेच कर्ज, आणि तिथे माणसं दार उघडून बोलली. आमच्याकडचे लोक बोलतच नाहीत असं यापुढे मला कोणी सांगू नये.

राहिले ते, जे प्रयत्नातून वाचून घरी येतात. पुढच्या काही महिन्यांत सर्वाधिक धोका त्यांनाच असतो, आणि गावात त्यांच्याशी सगळे हवापाण्याचंच बोलतात. सॅन फ्रान्सिस्कोत जेरोम मोटो नावाच्या डॉक्टरांनी १९६९ पासून एक गोष्ट करून पाहिली. दवाखान्यातून गेल्यावर पुढचे उपचार नाकारलेल्या ८४३ जणांपैकी काहींना पाच वर्षं अधूनमधून दोन ओळींचं पत्र पाठवलं. आशय एवढाच, की तुम्ही इथे येऊन गेलात त्याला बरेच दिवस झाले, बरे असाल अशी आशा आहे, लिहावंसं वाटलं तर आम्हाला आनंद होईल. काही मागणं नाही, उपदेश नाही. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळणाऱ्यांत मृत्यू कमी झाले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, भारत, श्रीलंका, इराण आणि चीनमध्ये १,८६७ जणांसोबत याचंच गावठी रूप तपासलं. भारतातलं ठिकाण चेन्नई होतं. दवाखान्यात तासाभराचं बोलणं आणि मग अठरा महिन्यांत नऊ वेळा भेट किंवा फोन. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत अठरा जण आत्महत्येने गेले. भेटी मिळालेल्यांत दोन.

त्या नऊ भेटींचं वेळापत्रक मी वहीत उतरवून घेतलंय. पहिला, दुसरा, चौथा, सातवा आणि अकरावा आठवडा. मग चौथा, सहावा, बारावा आणि अठरावा महिना. ते लिहिताना दुसरं एक वेळापत्रक आठवलं, माझ्या भाचीच्या वेळचं. तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला बघायला आशाताई या दिवशी घरी येतात. वजन घेतात, अंग गरम आहे का पाहतात, आईशी बोलतात. घरी जाऊन नवजात बाळांना वाचवायची ही पद्धत अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीच्या एकोणचाळीस गावांत सिद्ध केली, आमच्यापासून काही तासांच्या अंतरावर, आणि २०११ मध्ये ती देशभर लागू झाली. म्हणजे घर माहीत आहे, रस्ता माहीत आहे, जाणारी बाई माहीत आहे, आणि ठरल्या दिवशी दारात जाऊन उभं राहिलं की जीव वाचतो हेही याच मातीत सिद्ध झालेलं आहे. विषबाधेतून वाचून घरी आलेल्या माणसाच्या नावाचं पान आशाताईंच्या वहीत मी अजून पाहिलेलं नाही. त्यासाठी त्यांना वेगळं मानधन द्यावं लागेल, प्रशिक्षण द्यावं लागेल, अवघड प्रसंगी फोन करायला मागे डॉक्टर लागेल. आधीच त्यांच्या डोक्यावर कामाचा डोंगर आहे, त्यात हे फुकट ढकलून चालणार नाही. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना मी याबद्दल पत्र लिहितेय. दोन्ही वेळापत्रकं शेजारी-शेजारी लिहून जोडलीत.